बेंटलीचं तारांचं कोडबुक, सात महिने वापरल्यावर

पणजोबा मुंबईत कापसाच्या पेढीवर कारकून होते, त्यांच्या ट्रंकेत 1912 ते 1914 च्या तारांचा गठ्ठा निघाला आणि एकही वाचता येईना, सगळे दहा-दहा अक्षरांचे अगम्य शब्द. म्हणून जुन्या पुस्तकवाल्याकडून बेंटलीज कम्प्लीट फ्रेज कोड घेतलं, म्हणजे व्यापारी वाक्यांसाठी ठरवलेल्या कोड-शब्दांचं पुस्तक. बांधणी खिळखिळी, पानं कडेने तुटतात, पण एकही पान गहाळ नाही आणि माझ्यासाठी तेच महत्त्वाचं होतं.

हे पुस्तक 1906 चं. तारेचे पैसे शब्दागणिक लागायचे आणि 1904 पासून तारखात्यांनी दहा अक्षरांपर्यंतचा, उच्चारता येईल असा बनावट शब्दही एकच शब्द म्हणून धरायला सुरुवात केली होती. बेंटलीने काय केलं, प्रत्येक वाक्याला पाच अक्षरांचा कोड दिला, म्हणजे दोन कोड जोडले की एका शब्दाच्या पैशात दोन अख्खी वाक्यं लिव्हरपूलच्या कापूसबाजाराला! पणजोबांनी प्रत्येक शब्दाच्या मधोमध पेन्सिलीने बारीक उभी रेघ मारलीय, ती कशासाठी हे पुस्तक हातात आल्यावरच कळलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

वापरायला सोपं आहे, शब्द तोडायचा, अर्धा भाग अकारविल्हे शोधायचा, समोर वाक्य छापलेलं असतं. पहिल्या तारेला दीड तास गेला, आता दहा मिनिटांत होते. एक शब्द मात्र काही केल्या सापडेना. या पुस्तकातले कोणतेही दोन कोड किमान दोन अक्षरांनी वेगळे ठेवलेत, त्यामुळे वाटेत एक अक्षर बिघडलं तर शब्द पुस्तकात सापडतच नाही आणि चूक लगेच कळते. एकेक अक्षर बदलून बघत बसलो, तिसऱ्या संध्याकाळी लागला, नमुना अजून पोचला नाही एवढंच होतं, पण तेवढ्यासाठीसुद्धा त्या लोकांनी किती जपलं होतं बघा.

जपायला कारणही होतं. अमेरिकेत 1887 मध्ये प्रिमरोझ नावाच्या लोकर व्यापाऱ्याने 'घेतलीय' या अर्थी 'बे' (bay) असा कोड पाठवला, पोचताना त्याचा 'बाय' (buy) झाला, तारेच्या मोर्स लिपीत ए पेक्षा यू ला एकच टिंब जास्त, आणि एजंट लोकर घेतच सुटला. नुकसान 20,000 डॉलरच्या वर. जादा पैसे भरून तार उलट तपासून घेतली नव्हती, म्हणून 1894 मध्ये सुप्रीम कोर्टाने तारेचे फक्त 1.15 डॉलर परत द्यायला लावले.

ऑगस्ट 1914 नंतरच्या माझ्याकडच्या चारही तारा साध्या इंग्रजीत आहेत, युद्ध लागलं आणि सेन्सॉरने कोडवर बंधनं आणली. त्यात पणजोबांची रेघ नाही.

घरात व्यापाराच्या जुन्या तारा असतील तर नक्की घ्या, पण आधी तारेवर किंवा पेढीच्या लेटरहेडवर कोडचं नाव बघा, ए बी सी या दुसऱ्या कोडबुकातल्या तारा यात लागत नाहीत.