गणित पेटी: माळेसाठी घ्या, चकत्यांसाठी नको

पहिली ते पाचवीसाठी बाजारात मिळणाऱ्या गणित पेट्यांत साधारण सारखंच सामान असतं: शंभर मण्यांची माळ, एकक-दशकाचे ठोकळे, खेळातल्या नोटा, फासे, अपूर्णांकाच्या चकत्या. तालुक्याच्या गावातल्या शाळेने पेटी घ्यावी ती माळेसाठी.

दहा लाल, दहा पांढरे असे मणी आलटून-पालटून ओवलेले असतात. ४७ दाखवताना मूल चार पट्टे सरकवतं आणि पुढचे सातच मोजतं. ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी ऐकू येतात, म्हणून मुलं ७४ लिहितात, माळेवर चाळीस आधी दिसतात. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक, वीस दोन’वरून केवढा वाद झाला! माळ हाताशी असली की एकाच जागी बोट ठेवून ‘एकवीस’ आणि ‘वीस एक’ ही दोन्ही नावं म्हणता येतात. एकोणतीस म्हणजे तिसरा पट्टा भरायला एक मणी कमी, हेही तिथेच कळतं.

माळ घट्ट ओवलेली नसावी. १२ मिलिमीटरचे शंभर मणी १२० सेंटिमीटर जागा घेतात. सरकायला वीतभर मोकळी दोरी आणि गाठी धरून पावणेदोन मीटर दोरी हवी. प्रत्येक पट्टा मोजून घ्या. संख्येची खूण म्हणून लावायचा चिमटा ४७व्या मण्यावर नाही, त्याच्या पुढच्या फटीत लावायचा. मण्यावर लावला की तो धरायचा की सोडायचा याचा गोंधळ होतो आणि उत्तर एकाने चुकतं.

ठोकळे दुकानातच तपासा: दहा सुटे दशकाच्या दांड्याशेजारी लावून पाहा. स्वस्त पेट्यांत सुटे कधी किंचित मोठे असतात, मग लांबी जुळत नाही आणि ‘दहा एकक म्हणजे एक दशक’ हे मुलाला पटत नाही. नोटा दांड्यांनंतरच काढाव्यात, कारण दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत.

चकत्या निराश करतात. पातळ फोम वाकतो, तीन तृतीयांश जोडले तरी फट राहते. त्यापेक्षा २४ सेंटिमीटरच्या कार्डाच्या पट्ट्या कापा. निम्मे, तृतीयांश, चतुर्थांश, षष्ठांश, अष्टमांश सगळे पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात.

पेटीत माळ बहुधा एकच असते. तीस मुलांच्या वर्गाला सहा लागतात, तेव्हा सुटे मणी आणून पाच ओवून घ्या. आणि सुटे ठोकळे हरवणारच, हे धरून पन्नासेक जादा मागवा. नाहीतर जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, चढलेली पेटी हिशेबाच्या धास्तीने कपाटातच कुलूपबंद राहते.