नियमांवरून वाद झाला तर: मॅजिक की यू-गी-ओह?

मॅजिक आणि यू-गी-ओह हे कार्डांचे दोन्ही खेळ मी खेळतो. डेकचा (आपल्या कार्डांच्या गड्डीचा) खर्च, कार्डांची चित्रं हे सगळं तुम्ही पाहिलंच असेल, म्हणून एकाच गोष्टीबद्दल लिहितो: डाव ऐन रंगात असताना वाद झाला आणि जवळ जज (नियमांचा पंच) नसला, तर उत्तर कुठे सापडतं?

यू-गी-ओहचं एक मनापासून आवडतं. 2011 पासून कार्डांवरचा मजकूर शिस्तीत लिहिला जातो. कोलनच्या आधी अट, सेमीकोलनच्या आधी मोजायची किंमत किंवा टार्गेट (परिणाम कशावर करायचा ते), त्यानंतर प्रत्यक्ष परिणाम. हे अंगवळणी पडलं की बरेच वाद कार्ड वाचूनच मिटतात.

पण 'मिसिंग द टायमिंग', म्हणजे वेळ हुकल्यामुळे कार्डाचा इफेक्ट (परिणाम) वाया जाणं, मला आजही सलतं. 'पीटेन द डार्क क्लाउन' हे कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) गेलं की त्याला बॅनिश करून (खेळाबाहेर काढून) दुसरा पीटेन डेकमधून उतरवता येतो. मात्र ट्रिब्यूट समनसाठी, म्हणजे बळी देऊन दुसरं कार्ड उतरवण्यासाठी, त्याचाच बळी दिला, तर नाही! कारण इफेक्ट ऐच्छिक आहे आणि 'व्हेन'ने सुरू होतो. अशा वेळी ती घटना सर्वांत शेवटी घडलेली असावी लागते, आणि इथे शेवटी झालं ते समन. 'व्हेन'च्या जागी 'इफ' असतं तर चाललं असतं. कार्डावर 'व्हेन' दिसतं, पण त्यामागचा हा नियम लिहिलेला नसतो. नव्या खेळाडूला हे सांगताना तो आपल्याकडे संशयाने बघतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

मॅजिकमध्ये हाच प्रसंग घ्या. 'व्हिलेज राइट्स' या स्पेलची (मंत्रासारख्या कार्डाची) किंमत म्हणून 'डूम्ड ट्रॅव्हलर' हे कार्ड सॅक्रिफाइस केलं, म्हणजे बळी दिलं. त्याचा ट्रिगर (मेल्यावर आपोआप सुरू होणारा परिणाम) वाया जात नाही. स्पेल टाकून होईपर्यंत तो थांबतो, मग स्टॅकवर (वाट पाहणाऱ्या परिणामांच्या थप्पीवर) स्पेलच्या वर बसतो आणि आधी रिझॉल्व्ह होतो (अमलात येतो). आधी ट्रॅव्हलरचं स्पिरिट टोकन (कार्डाऐवजी खूण ठेवून दाखवलेला प्राणी), मग स्पेलची दोन कार्डं हातात. हे नियम 603 मध्ये स्पष्ट लिहिलंय, तेही फुकट मिळणाऱ्या अधिकृत फाइलमध्ये. शिवाय गॅदररवर (मॅजिकच्या कार्डांच्या अधिकृत साइटवर) कार्डाचा आजचा अधिकृत मजकूर आणि बऱ्याच कार्डांखाली खुलासेही सापडतात.

ती फाइल प्रचंड आहे, हे खरं. 'ब्लड मून' आणि 'अर्बोर्ग' ही कार्डं एकत्र आली की नियम 613 (एकाच वेळी लागू असलेल्या परिणामांचा क्रम) मलाही पुन्हा उघडावा लागतो. तरी उघडला की उत्तर मिळतं.

तुमच्या गटात यू-गी-ओहमध्ये मुरलेलं कोणी असेल, तर तो खेळ खुशाल घ्या. सगळेच नवे असाल, तर माझा कल मॅजिककडे. सुरुवातीला 117 (कोणी कधी खेळायचं) आणि 603 (ट्रिगर) एवढे दोन नियम वाचून ठेवा.