ग्लोबल विंड ॲटलास: समुद्रातल्या जागा गाळायला उत्तम, ठरवायला अपुरा

डेन्मार्कचं तंत्र विद्यापीठ आणि जागतिक बँक यांचा हा नकाशा फुकट मिळतो आणि किनाऱ्यापासून 200 किलोमीटरपर्यंतचा समुद्र दाखवतो. पवनऊर्जेसाठी जागांची पहिली चाळणी लावायला याहून सोपं साधन नाही. मात्र त्यातले आकडे कसे निघतात हे समजून घेतलं नाही, तर फसगत ठरलेली.

तिसऱ्या आवृत्तीत ईआरए5 या जगभरच्या मागील हवामानाच्या माहितीसंचातली 2008 ते 2017 ही दहा वर्षं घेऊन आधी 3 किलोमीटरच्या जाळीवर वारा काढलाय आणि मग तो 250 मीटरपर्यंत बारीक केलाय. जमिनीवर टेकड्या-झाडीमुळे या बारकाईला अर्थ आहे. भर समुद्रात अडथळाच नसल्याने खरी बारकाई 3 किलोमीटरचीच धरा. शेजारच्या चौकटीत 0.05 मीटर प्रति सेकंदाने जास्त वेग दिसला म्हणून टर्बाइन सरकवण्यात हशील नाही.

दुसरी खोच ठळक दिसणाऱ्या सरासरी वेगात आहे. तो निवडलेल्या भागातल्या सर्वाधिक वाऱ्याच्या 10 टक्के क्षेत्राचा असतो, सगळ्या भागाचा नव्हे. 8 च्या जागी प्रत्यक्षात 7.5 मीटर प्रति सेकंद निघाले, तर वाऱ्यातली ऊर्जा सुमारे 18 टक्क्यांनी घटते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून 150 मीटर उंचीचा जिओटिफ (नकाशातले आकडे असलेली फाइल) उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आपल्या हद्दीपुरती सरासरी काढावी.

क्षमता गुणांकाचा (टर्बाइन पूर्ण क्षमतेच्या किती प्रमाणात वीज देईल याचा) थर समुद्रासाठी सरळ बंद ठेवा. तो साडेतीन मेगावॉटच्या आसपासची जमिनीवरची टर्बाइनं 100 मीटर उंचीवर धरून काढलेला आहे आणि एकमेकांच्या सावलीतल्या टर्बाइनांचा तोटा त्यात नाही. मोठ्या प्रकल्पात हा तोटा एकटाच 10 टक्क्यांवर जाऊ शकतो.

वाऱ्यापलीकडचं सगळं आपणच जोडायचं. खोलीसाठी जेबको या समुद्रतळाच्या जागतिक नकाशाची जाळी घ्या: साधारण 50 मीटरपर्यंत एकखांबी पाया, 60 पर्यंत जॅकेट (पोलादी सांगाड्याचा पाया), त्यापुढे तरंगता. खंभातच्या आखातात खोली सोयीची, पण भरती-ओहोटीचा प्रवाह जबर आणि तळाला मऊ गाळ. मन्नारच्या आखातात वारा दमदार, पण सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. महाराष्ट्राचा किनारा या दोघांपुढे फिकाच दिसतो, शिवाय बॉम्बे हायचे तेलफलाट आणि मुंबईचे जहाजमार्ग वगळावे लागतात.

कर्ज देणाऱ्या बँकेपुढे हा नकाशा चालत नाही, मोजमाप लागतं. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने 2017 मध्ये पिपावावपासून सुमारे 23 किलोमीटरवर लायडार (लेझरने वारा मोजणारं यंत्र) बसवला तो त्यासाठीच. नोंदी किमान सलग वर्षभराच्या हव्यात. आपल्याकडे पावसाळ्यातला वारा इतका वेगळा असतो, की जूनमध्ये सुरू करून डिसेंबरात थांबवलेली मोजणी सरासरी फुगवून दाखवते. या नोंदी ईआरए5 शी जुळवून दीर्घकालीन वेग काढायचा आणि ॲटलासचा आकडा त्यावर तपासायचा.