अरेथा फ्रँकलिनची एलपी, चक्क सांगलीत!

हरभट रोडजवळच्या एका जुन्या रेडिओ रिपेअरच्या दुकानात अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनची १९६७ ची एलपी मिळाली, कव्हरचा कोपरा उंदरानं कुरतडलेला पण काकांनी रेकॉर्ड मऊ फडक्यानं पुसून, सुई बदलून दोन्ही बाजू वाजवून दाखवल्या. काय आवाज आहे राव! वडील डेट्रॉइटच्या चर्चमधे धर्मोपदेशक, तिथं गातगातच ती घडली, म्हणून ऐकताना भजनात बुवांनी वरची पट्टी लावली की अंगावर काटा येतो ना, तस्संच होतं. पहिलंच गाणं 'रिस्पेक्ट', मूळ ओटिस रेडिंग या गायकाचं, पण हिनं गायलं आणि ते बायकांच्या हक्काचं गाणं झालं. १९८७ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममधे, म्हणजे तिकडच्या संगीतातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेलेली पहिली बाई हीच. दुसऱ्या बाजूला थोडी खरखर आहे, चालतंय. मिरजेच्या उरुसात रात्रभर गाणं ऐकणाऱ्यांनी तर जाऊन याच.