देवाला पुढचं सगळं ठाऊक असतं का? ओपन थीइझम आणि त्याचे तीन प्रतिस्पर्धी

बायबल अभ्यासाला जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी अडतोच: देवाला पुढचं सगळं ठाऊक असेल, तर मी प्रार्थना कशासाठी करायची? 'हे रहस्य आहे' एवढ्या उत्तरावर पुष्कळांचं भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यांना वाचता वाचता ओपन थीइझम नावाचं, भविष्याचा काही भाग देवालाही उघडा आहे असं मानणारं मत भेटतं, आणि त्याच्याबरोबर दोन आरडाओरडे ऐकू येतात. एका बाजूला हे पाखंड वाटतं, दुसरीला खरा प्रेमळ देव इथेच सापडतो. खरं तर निवड दोनांतून करायची नाही, निदान चारांतून करायची आहे.

पहिलं उत्तर प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेचं. देवाला भविष्य ठाऊक आहे, कारण ते त्यानंच ठरवलं. 1640 च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेलं वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र हे आडपडदा न ठेवता सांगतं: जे जे घडतं ते देवानं अनादिकाळी नेमलं, आणि तरी माणसाच्या इच्छेवर बळजबरी केली नाही. दुसरं उत्तर डच धर्मपंडित आर्मिनियसचं आणि त्याच्या वाटेनं गेलेल्या जॉन वेस्लीचं. देव भविष्य आधी पाहतो, पण माणसाची निवड माणसावर सोडतो. आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 साली आपलं निवेदन मांडलं आणि 1618-19 च्या, नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेनं ते फेटाळलं. हे भांडण महाराष्ट्रापासून वाटतं तेवढं दूर नाही. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी आणि अमेरिकन मराठी मिशन कॅल्व्हिनच्या बाजूचा वारसा घेऊन आले, मेथडिस्ट वेस्लीचा. बाकावर बसलेला माणूस मात्र, मंडळी कुठलीही असो, बहुधा नकळत आर्मिनियनच असतो.

तिसरं उत्तर लुईस दे मोलिना या जेझुइट नावाच्या कॅथलिक संघातल्या स्पॅनिश पंडितानं 1588 साली मांडलं. काय होणार हे तर देवाला ठाऊक आहेच, पण कुठला माणूस कुठल्या परिस्थितीत स्वेच्छेनं काय करेल हेही त्याला ठाऊक आहे. या 'मध्यम ज्ञाना'च्या आधारे तो जग असं मांडतो, की माणूस मोकळा राहतो आणि योजनाही तडीस जाते. दाखला म्हणून 1 शमुवेल 23 देतात. कईला गावचे लोक मला शौल राजाच्या हाती देतील का, असं त्याच्यापासून पळणारा दावीद विचारतो. देव म्हणतो, देतील. दावीद निघून जातो आणि ते घडतच नाही. डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या पंडितांना हे मुळीच पटलं नाही. रोममध्ये चौकशी बसली, वर्षानुवर्षं चालली, आणि 1607 साली पोप पाचव्या पॉलनं कुणाच्याच बाजूनं निकाल न देता एकमेकांना पाखंडी म्हणू नका एवढंच बजावलं. मतातली अडचण आजही तीच आहे. जो माणूस अजून निर्माणच झाला नाही, त्यानं 'अमुक केलं असतं' हे विधान खरं कशामुळे ठरतं? रॉबर्ट अ‍ॅडम्स या तत्त्वज्ञांनी 1977 साली हा आक्षेप नव्यानं धारदार केला, आणि त्याला सर्वांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

चौथं ओपन थीइझम. 1994 साली पिनॉक, राइस, सँडर्स, हॅस्कर आणि बेसिंजर या पाच जणांच्या एका पुस्तकानं ते चर्चेत आणलं. त्यांच्या मते भविष्याचा काही भाग देवानं पक्का केला आहे आणि काही खरोखरच उघडा आहे. उघडा भाग शक्यतांचा असल्यामुळे देव तो शक्यता म्हणूनच जाणतो, आणि तसा तो पूर्ण जाणतो. म्हणजे देवाचं ज्ञान तोकडं आहे असा त्यांचा दावा नाही. भविष्य कसलं बनलेलं आहे, यावर त्यांचं म्हणणं वेगळं आहे. तत्त्वज्ञ व्हाइटहेडच्या विचारातून आलेल्या प्रोसेस थिऑलॉजीशी याची गल्लत करू नका. तिथला देव कुणावर बळ वापरूच शकत नाही. इथला देव शून्यातून जग निर्माण करतो, चमत्कार करतो, मेलेल्यांतून उठवतो. आपली सत्ता तो स्वतःहून आवरून धरतो, इतकंच.

आता चारही मतं एका प्रसंगावर घासून पाहू. 2 राजे 20. राजा हिज्कीया आजारी आहे. यशया येऊन सांगतो, घरची निरवानिरव कर, तू वाचणार नाहीस. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो. यशया अजून मधल्या चौकातून बाहेरही पडलेला नसतो, तोच नवा निरोप येतो: तुझे अश्रू पाहिले, तुला 15 वर्षं वाढवून देतो.

ओपन थीइझमला इथे काही समजावून सांगावंच लागत नाही. देवाचा पहिला शब्द मनापासूनचा होता, माणूस रडला, देवानं निर्णय बदलला. कथा वाचताना आपण जे समजतो तेच. यिर्मया 18 मधला कुंभारही आपण देवाच्या निरंकुश सत्तेसाठी वापरतो, पण त्या प्रकरणात देव काय म्हणतो? एखादं राष्ट्र फिरलं, तर योजलेलं अरिष्ट मीही मागे घेईन.

कॅल्व्हिनवादी म्हणेल, पहिल्या निरोपात न बोललेली अट होती, योनानं निनवेत सांगितलेल्या 40 दिवसांसारखी, आणि ती प्रार्थनाही योजनेतलीच होती. मग तो पुढचं पान उलटतो. हिज्कीयाचा मुलगा मनश्शे गादीवर बसला तेव्हा 12 वर्षांचा होता. आकडे सरळ धरले तर त्याचा जन्म या वाढीव 15 वर्षांतला, आणि मत्तयाच्या पहिल्या प्रकरणातल्या येशूच्या वंशावळीत मनश्शेचं नाव आहे. ज्या वर्षांतून ख्रिस्ताचा वंश पुढे गेला, ती आयत्या वेळच्या अश्रूंवर अवलंबून होती म्हणता? मुद्दा वजनदार आहे. पण याच मनश्शेनं यरुशलेम निरपराध रक्तानं भरून टाकलं. वंश योजनेतला असेल, तर रक्तही योजनेतलंच. एकच मुलगा दोन्ही बाजूंचा साक्षीदार.

मोलिनाचा अनुयायी म्हणेल, मरणाची बातमी दिली तर हा रडेल हे देवाला ठाऊक होतं, म्हणूनच ती दिली. तर्क देखणा आहे, पण मग यशयाचा पहिला निरोप डावपेचासारखा वाटू लागतो. मला ते खटकतं.

सगळ्यात पंचाईत होते ती सर्वांत लोकप्रिय मताची. आर्मिनियन देवानं हिज्कीयाची प्रार्थना आधीच पाहिली. पण मग स्वतःचं उत्तरही आधीच पाहिलं असणार. जे घडणार म्हणून दिसलं, त्यात आता बदल कसा करायचा? सँडर्स आणि हॅस्कर यांनी दाखवून दिलं, की नुसतं भविष्य दिसण्याचा देवाला कारभार चालवायला काडीचाही उपयोग नाही. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसनं सहाव्या शतकात तुरुंगात बसून सुचवलेली वाट, म्हणजे देव काळाबाहेरून सगळं एकदम पाहतो, इथे कामी येत नाही. बाहेरून पाहिलं तरी दिसतो तो शेवटच.

ओपन थीइझमकडे पुष्कळ जण मात्र प्रार्थनेच्या नव्हे, दुःखाच्या वाटेनं येतात. सँडर्स यांच्या विचाराला त्यांच्या भावाच्या अपघाती मृत्यूची पार्श्वभूमी आहे. ओपन थीइझम मानणारे ग्रेगरी बॉइड एका स्त्रीची हकीकत सांगतात. तिनं तैवानला मिशनरी म्हणून जायचं ठरवलं होतं, जोडीदारासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना केली, देवानंच दाखवला अशा खात्रीनं लग्न केलं. पुढे नवरा बाहेरख्याली आणि मारझोड करणारा निघाला. बॉइड तिला म्हणाले, देवाचं मार्गदर्शन त्या वेळी योग्यच होतं, तो माणूस नंतर वेगळा झाला. तिला त्यानं दिलासा मिळाला, आणि तो हलका लेखू नये.

पण नीट पाहा. ओपन थीइझमच्या देवाला वर्तमान पूर्ण ठाऊक आहे, माणसाच्या मनातलंही. हात उगारायच्या क्षणी त्याला दिसत होतं आणि थांबवायचं सामर्थ्यही होतं. थांबवायला वर्षांचं पूर्वज्ञान लागत नाही, एक क्षण पुरतो. तेव्हा 'मग थांबवलं का नाही' हा प्रश्न चौघांसमोरही तसाच उभा राहतो. त्यातून सुटते ती फक्त प्रोसेस थिऑलॉजी, पण तिथे पुनरुत्थानाचीच पंचाईत. 'हे देवानं योजलं नव्हतं' असं प्रामाणिकपणे म्हणता यावं एवढीच तुमची गरज असेल, तर ते आर्मिनियनालाही म्हणता येतं. त्यासाठी भविष्य उघडं करायची जरूर नाही. म्हणून केवळ दुःखाच्या प्रश्नावरून ओपन थीइझम निवडू नका. निवडायचंच तर प्रार्थनेवरून निवडा.

त्याची किंमत भविष्यवाणीत मोजावी लागते. कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील, असं येशू पेत्राला सांगतो. देवाला पेत्राचा स्वभाव ठाऊक होता, हे बॉइड यांचं उत्तर. नाकारणं स्वभावावरून ताडता येईल, तीनचा आकडा आणि कोंबडा मला तरी ताडता येणार नाही. शिवाय यशयाच्या 41 ते 46 या प्रकरणांत पुढचं आधी सांगणं हीच खऱ्या देवाची ओळख म्हणून मूर्तींपुढे आव्हान टाकलं आहे. देवानं ठरवलेला तेवढाच भाग तो सांगतो, असं ओपन थीइझमचं म्हणणं. काही ठिकाणी ते चालून जातं, पेत्रापाशी नाही.

शेवटी मंडळीचा हिशेब. तुम्ही कॅथलिक असाल, तर 1870 च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं, देवानं निर्मिलेल्यांच्या स्वेच्छेनं पुढे घडणाऱ्या गोष्टीही देवापुढे उघड्या आहेत, असं जाहीर केलं आहे. तुमच्यापुढे मोलिना आणि त्याचे डॉमिनिकन विरोधक एवढाच पर्याय उरतो. अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्टांनी 2000 साली आपल्या विश्वासपत्रात माणसांचे भावी निर्णय देवाला ठाऊक असल्याचं वाक्य घातलं, आणि पुढच्याच वर्षी इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटी या तिथल्या धर्मपंडितांच्या संघटनेनं तशाच आशयाचा ठराव केला. 2003 मध्ये सोसायटीत पिनॉक आणि सँडर्स यांच्या सदस्यत्वावर मतदान झालं. सँडर्स यांच्या विरोधात बहुमत होतं, पण लागणारं दोन-तृतीयांश नव्हतं, म्हणून ते राहिले. हंटिंग्टन कॉलेजातली त्यांची शिकवण्याची जागा मात्र पुढे गेलीच. तेव्हा तिकडच्या सेमिनरीत शिकायला जायचा विचार असेल, तर प्रवेश-अर्जासोबतचं विश्वासपत्र सही करण्याआधी वाचा.