सी६/३६ पेशी: विषाणू वाढवायला उत्तम, सहनशीलता तपासायला अपुऱ्या

चिकुनगुनियाचा विषाणू व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) टाकला की दोन-तीन दिवसांत थर उखडतो. तोच सी६/३६ या डासाच्या पेशींवर टाका. आठवड्याने मायक्रोस्कोपखाली पाहिलं तरी पेशी गोल, चमकदार आणि वाढत्या दिसतात, वरचा मीडिया (पोषक द्रव) मात्र विषाणूने भरलेला असतो. हीच या सेल लाइनची (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींची) खरी किंमत.

हिचं मूळ पुण्याचं. १९६७ साली व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये (आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था) के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशी तयार केल्या. १९७८ मध्ये अकिरा इगाराशी यांनी त्यांतून डेंग्यू आणि चिकुनगुनियाला चटकन बळी पडणारा हा क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेली शाखा) वेगळा काढला. एटीसीसी या पेशीसंग्रहाच्या यादीत तो सीआरएल-१६६० या क्रमांकाने मिळतो.

सांभाळायला सोपी. तापमान २८ अंश; ३७ ला ठेवल्यास पेशी खचतात. एल-१५ मीडियात १० टक्के सीरम आणि १० टक्के ट्रिप्टोज फॉस्फेट ब्रॉथ घाला, झाकण घट्ट लावा, कार्बन डायऑक्साइड लागत नाही. एल-१५ चा सैल झाकणाचा फ्लास्क सवयीने कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये गेला तर मीडिया पिवळा पडतो आणि वाढ मंदावते. पेशी सैल चिकटतात, त्यामुळे ट्रिप्सिनची गरज नाही. फ्लास्कला तळहाताने टपली द्या किंवा स्क्रेपर फिरवा. आठवड्यातून दोनदा १:५ प्रमाणात विभागणं पुरतं. फार दाट होऊ दिल्यास गुठळ्या सुटून तरंगू लागतात.

इथवर पैकीच्या पैकी गुण. पण डास विषाणूला जन्मभर कसा झेलतो, हे याच पेशींत शोधायला गेलात तर फसाल. निरोगी डासाच्या पेशीत डायसर-२ हे प्रथिन विषाणूचा दुपदरी आरएनए कापून २१ न्यूक्लिओटाइडचे तुकडे करतं आणि त्यांच्या आधारे विषाणूवर लगाम राहतो. सी६/३६ मध्ये डायसर-२ चं जनुक फ्रेमशिफ्टमुळे (वाचनाची चौकट सरकवणाऱ्या बदलामुळे) निकामी आहे. लहान आरएनएचं सिक्वेन्सिंग केलं की २१ लांबीच्या तुकड्यांचा उंच सुळका दिसतच नाही, २४ ते ३० लांबीचे पायआरएनएसारखे (लहान आरएनएचा दुसरा प्रकार) तुकडे दिसतात. विषाणू भरभरून वाढतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे. तरीही संसर्ग टिकतो आणि पेशी जगतात, म्हणजे सहनशीलतेचं सगळं श्रेय डायसर-२ ला देता येत नाही. हा मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो.

म्हणून यंत्रणेचा अभ्यास करायचा असेल तर यू४.४ घ्या. तीही सिंग यांच्याच मूळ पेशींतली, आणि तिचं डायसर-२ शाबूत आहे. एडिस इजिप्ती डासाची एएजी२ हाही पर्याय आहे, पण तिच्यात सेल फ्यूजिंग एजंट व्हायरस हा डासांचा विषाणू आधीपासूनच मुक्कामाला असतो. तो व्हेरोत वाढत नाही, त्यामुळे प्लाक असेमध्ये (पेशींच्या थरात विषाणूने पाडलेली भोकं मोजणारी चाचणी) उमटत नाही. आरटी-पीसीआर न करता कंट्रोल फ्लास्कला ‘निर्विषाणू’ म्हणू नका.

टिकाऊ संसर्ग उभा करताना सुरुवात एमओआय (दर पेशीमागे टाकलेले विषाणूकण) ०.१ किंवा त्याहून कमी ठेवा. एक तास चिकटू द्या, धुवा, २ टक्के सीरमचा मीडिया घाला. पुढे मीडिया नाही, पेशीच पॅसेज करा (नव्या फ्लास्कमध्ये हलवा). दर वेळी न पातळवता मीडियाच पुढे ढकलत गेलात तर अर्धवट जीनोमचे, मूळ विषाणूच्या वाढीत अडथळा आणणारे डीआय कण साचतात, टायटर (संसर्गक्षम विषाणूचं प्रमाण) वरखाली हेलकावतं आणि पेशींनीच विषाणू आवरला असा चुकीचा निष्कर्ष निघतो. टायटर घसरलं तर त्याच नमुन्यातला एकूण विषाणू-आरएनए मोजा. आरएनए भरपूर आणि प्लाक कमी, असं दिसलं तर आधी डीआय कणांवर संशय घ्या.

आणि एक: पेशी ठणठणीत दिसतात म्हणून जुना फ्लास्क सिंकमध्ये रिकामा करू नका. तो ऑटोक्लेव्हमध्येच (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) गेला पाहिजे.