सारेगामा कारवाँ: अमीन सयानींच्या गीतमालेसाठी घ्यायचा असेल तर

सारेगामा कारवाँ म्हणजे आधीच गाणी भरून मिळणारा, रेडिओसारखा वाजवायचा संच. त्यातल्या हिंदी कारवाँमध्ये 5000 गाणी भरलेली आहेत. तरी तो घ्यावा तो गीतमालेच्या विभागासाठी, कारण तिथे गाण्यांच्या जोडीला रेडिओ निवेदक अमीन सयानी बोलतात. गीतमाला म्हणजे गाजलेली हिंदी सिनेगीतं क्रमवारीने ऐकवणारा त्यांचा साप्ताहिक कार्यक्रम.

एक आधीच सांगायला हवं. श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री 8 ला लागायची ती मूळ गीतमाला यात नाही. एकेका वर्षाच्या गाजलेल्या गाण्यांवर सयानींनी पुढे केलेलं निवेदन आहे. त्या रात्रीची जाहिरात, श्रोत्यांची ताजी पत्रं शोधाल तर निराश व्हाल. आवाज मात्र तोच. 'बहनों और भाइयों' म्हणताना बहिणी आधी, आणि 'पायदान' (गाण्याच्या क्रमांकासाठी त्यांचा शब्द) या शब्दावर किंचित रेंगाळून मग गाण्याचं नाव. उत्कंठा कशी ताणायची हे निवेदन शिकणाऱ्यांनी इथे ऐकावं.

3 डिसेंबर 1952 ला कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा माहिती व प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं होतं. मुंबईत जन्मलेले सयानी मुंबईतच ध्वनिमुद्रण करत आणि टेप कोलंबोला जाई. मानधन सुरुवातीला आठवड्याला 25 रुपये. पहिल्याच भागाला 9000 पत्रं आली आणि पुढे आठवड्याला 65000 पर्यंत गेली! 1989 मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली. 2009 ला त्यांना पद्मश्री मिळाली, 20 फेब्रुवारी 2024 ला ते गेले.

आता यंत्राचं. हवं ते गाणं नावाने शोधता येत नाही. विभाग निवडायचा आणि पुढे-मागे करत राहायचं. 1953 च्या 'ये जिंदगी उसी की है'पर्यंत पोचायला चिकाटी लागते. ही या यंत्राची सगळ्यात मोठी उणीव. आपली गाणी आत भरता येत नाहीत, ती पेनड्राइव्हवरून वाजवायची. बॅटरी साधारण 5 तास. आवाज खोलीपुरता उत्तम, अंगणात अपुरा.

'गीतमाला लागतच नाही' ही तक्रार आली की मोड आधी बघा: तो एफएम किंवा यूएसबीवर राहिलेला असतो. सारेगामावर आणला की झालं.

विकत घेताना खोक्यावर 'गीतमाला' छापलंय का ते वाचून घ्या. छोटा मिनी किंवा मराठी गाण्यांचा कारवाँ याच कामासाठी म्हणून उचलू नका.